पिस्तोयाचे रुग्णालय आणि स्पर्शाचे कण

इटलीच्या तोस्काना प्रांतात, फ्लॉरेन्सच्या वायव्येस, पिस्तोया नावाचे जे प्राचीन नगर आहे, तेथील चेप्पो रुग्णालयाची ख्याती मुख्यतः त्याच्या दर्शनी भागावरील रंगीत, झिलईदार मृत्तिकाशिल्पांमुळे झाली. भुकेल्यास अन्न, उघड्यास वस्त्र, रुग्णास शुश्रूषा अशी दयाधर्माची कृत्ये सोळाव्या शतकातील कारागिरांनी तेथे मोठ्या ममतेने चितारली आहेत. परंतु परंपरेने १२७७ साली स्थापन झालेल्या या धर्मादाय संस्थेचा दुसराही एक मान आहे, आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. आपल्या त्वचेस दाबाचे ज्ञान कशाच्या योगे होते, या प्रश्नाचा धागा तिच्या आश्रयाने चाललेल्या वैद्यकशाळेत हाती लागला.

या शाळेत १८३० साली फिलिप्पो पाचिनी नावाचा एका चर्मकाराचा मुलगा दाखल झाला. त्याने धर्मोपदेशक व्हावे अशी घरच्यांची मनीषा होती. ती बाजूस सारून तो शवविच्छेदनाच्या टेबलापाशी आला, आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, मृताच्या हाताची चिरफाड करीत असता बोटांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंना बिलगलेले, सुमारे एक मिलिमीटर लांबीचे, मोत्यासारखे शुभ्र कण त्याच्या नजरेस पडले. ते नुसत्या डोळ्यांना दिसतात. तोपर्यंत असंख्य शारीरज्ञांच्या सुऱ्या त्यांच्या शेजारून गेल्या असतील, आणि बहुतेकांनी त्यांस मेदाचे गोळे समजून सोडून दिले असेल. पाचिनीने मात्र ते सोडले नाहीत. १८३५ साली त्याने फ्लॉरेन्सच्या विद्वत्सभेपुढे आपला शोध मांडला, तेव्हा सभेने त्याची म्हणावी तशी कदर केली नाही. १८४० साली त्याने पिस्तोयातच पुस्तक छापले. आणि १८४४ साली हेन्ले व कोलिकर या जर्मन भाषेत लिहिणाऱ्या दोघा शास्त्रज्ञांनी या कणांवर प्रबंध लिहून त्यांस पाचिनीचे नाव दिले, तेव्हा कुठे त्याच्या हक्कावर शिक्कामोर्तब झाले.

हक्काचा हा दावा मात्र निर्विवाद नव्हता. विटेनबर्गच्या आब्राहाम फाटर यांनी हेच कण पाहिल्याची नोंद १७४१ सालच्या एका प्रबंधात आहे, आणि म्हणून आजही कित्येक ग्रंथांत दोघांची नावे जोडून येतात. फाटर यांचा अग्रक्रम नाकारण्याचे कारण नाही. तथापि ज्याने ते कण देहात कोठे कोठे आहेत याचा शोध घेतला, त्यांच्या घडणीचा छडा लावण्यासाठी सूक्ष्मदर्शक हाती धरला आणि त्यांचे प्रयोजन काय असा प्रश्न जगापुढे ठेवला, त्याच्याकडेच माझा कौल झुकतो. ज्या पुरुषाने पुढे १८५४ साली पटकीचे जंतूही रोग्यांच्या आतड्यांत पाहिले, आणि ज्याकडे वैद्यकविश्वाने दीर्घकाळ कानाडोळा केला, त्या पाचिनीस १८८३ साली दारिद्र्यात मृत्यू यावा, ही गोष्ट मनास फार लागते.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकाने दिले. कांद्याच्या पाकळ्यांप्रमाणे एकावर एक बसलेल्या पातळ पटलांच्या मध्यभागी तंतूचे उघडे टोक असते. दाब पडला की ते टोक किंचित विकृत होते आणि त्यातून विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. वर्नर लोवेनस्टाइन यांनी मांजराच्या आतड्यांस धरून ठेवणाऱ्या पडद्यातील कण घेऊन त्यांची पटले अत्यंत नाजूक हाताने सोलून काढली. तेव्हा असे आढळले की, पटलांवाचूनही टोक दाब ओळखते. फरक इतकाच की, दाब कायम राहिला असता पटलयुक्त कणाचा प्रतिसाद क्षणार्धात मावळतो, आणि सोललेल्या टोकाचा बराच काळ रेंगाळतो. स्थिर भार गाळून टाकणे आणि बदल तेवढा आत पोहोचविणे, हे त्या पटलांचे काम ठरले. म्हणूनच हे कण संथ दाबापेक्षा कंपनांस अधिक जागे असतात, आणि त्यांची संवेदनक्षमता सेकंदास सुमारे २०० ते ३०० कंपनांच्या आसपास सर्वांत तीव्र असते.