व्यावसायिक लेखापरीक्षा आणि अभ्यासाचा वेळ : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

सनदी लेखापाल परीक्षेत विद्यार्थी अनुत्तीर्ण झाला की त्याचे कारण सामान्यतः त्याच्या कष्टांत किंवा बुद्धीत शोधले जाते. ही परीक्षा देणारा उमेदवार बहुधा दिवसभर एखाद्या लेखापालाच्या कार्यालयात काम करीत असतो आणि अभ्यासासाठी त्याच्या हाती सकाळ-संध्याकाळचे मोजके तासच उरतात, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. ही वेळेची टंचाई अपघाताने निर्माण झालेली नाही. भारतातील लेखा-व्यवसायाची जडणघडण ज्या पद्धतीने झाली, त्या पद्धतीतच ती अंतर्भूत आहे. अभ्यासाच्या तासांची तरतूद कोणी करावयाची, या प्रश्नाच्या अनुषंगाने या परीक्षांच्या इतिहासाचा आढावा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

पेढीकडून परीक्षेकडे

आधुनिक परीक्षा येण्यापूर्वी हिशेबाचे ज्ञान पेढीवरच मिळत असे. रोजकीर्द लिहिणे, खतावणी करणे, हुंडीचा व्यवहार समजून घेणे या गोष्टी होतकरू मुलगा जुन्या मुनिमाच्या हाताखाली काम करता करता शिकत असे. तेथे काम आणि शिक्षण यांची फारकत नव्हती, त्यामुळे अभ्यासासाठी स्वतंत्र वेळ काढण्याचा प्रश्नही उद्भवत नव्हता.

इंग्लंड व स्कॉटलंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही फारकत झाली. १८५४ मध्ये एडिंबरा येथील लेखापालांच्या संस्थेला आणि १८८० मध्ये इंग्लंड व वेल्समधील संस्थेला राजसनद मिळाली. उमेदवाराने ठरावीक वर्षे एखाद्या सनदी लेखापालाकडे करारबद्ध राहून काम करावे आणि त्याच काळात लेखी परीक्षाही उत्तीर्ण व्हावी, असा दंडक पडला. करारबद्ध होताना उमेदवाराच्या कुटुंबाने लेखापालास ‘प्रीमियम’ म्हणून रक्कम देण्याची प्रथा तेथे होती. शिकण्याच्या काळाचा खर्च उमेदवाराच्या घरानेच उचलावा, हे या व्यवस्थेत गृहीत धरलेले होते.

मुंबई इलाख्यातील आरंभ

मुंबईत व्यापारी शिक्षणाची मागणी विसाव्या शतकाच्या प्रारंभीच जाणवू लागली होती. १९०० मध्ये दावर्स कॉलेज ऑफ कॉमर्स सुरू झाले आणि १९१३ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयाची स्थापना झाली. १९१३ च्याच भारतीय कंपनी कायद्याने लेखापरीक्षकाच्या पात्रतेचा प्रश्न ऐरणीवर आणला. पुढे १९१८ मध्ये मुंबईत ‘गव्हर्नमेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी’ हा अभ्यासक्रम सुरू झाला. ही पदविका परीक्षा आणि मान्यताप्राप्त लेखापालाकडील तीन वर्षांची उमेदवारी पूर्ण करणाऱ्यास भारतभर लेखापरीक्षण करण्याचे प्रमाणपत्र मिळू शकत असे.

या पदविकेमुळे विलायतेस न जाता या व्यवसायात शिरण्याचा मार्ग खुला झाला, हे तिचे ऐतिहासिक महत्त्व होय. मात्र दिवसा कार्यालय आणि उरलेल्या वेळात परीक्षा हा इंग्रजी साचा तिने तसाच स्वीकारला. अंतर कमी झाले तरी वेळेची अट कायम राहिली.

नोकरदार परीक्षार्थी आणि सकाळचे महाविद्यालय

१९२८ मध्ये मुंबईत ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकर्स’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या परीक्षा प्रामुख्याने बँकेत नोकरी करणाऱ्यांसाठी होत्या. या परीक्षार्थीला नियमित पगार होता आणि उत्तीर्ण झाल्यास वेतनवाढीची आशाही होती, पण वेळ नव्हता. त्याचा अभ्यास कार्यालय सुटल्यावर आणि सुटीच्या दिवशीच व्हावयाचा. लेखापालाकडील उमेदवाराची स्थिती याहून बिकट होती, कारण त्याच्याकडे वेळही अपुरा आणि उत्पन्नही अपुरे असे.

या अडचणीला शिक्षणसंस्थांकडून जे उत्तर मिळाले, ते वेळापत्रकाच्या स्वरूपात होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात श्रमिकांसाठी रात्रशाळा चालवून या विचाराचा पाया घातला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. तेथील सकाळच्या वर्गांमुळे नोकरी सांभाळून पदवी घेणे अनेकांना शक्य झाले. पुढे मुंबईतील वाणिज्य महाविद्यालयांत सकाळचे सत्र रूढ झाले. सकाळी वर्ग, दिवसा लेखापालाचे कार्यालय आणि रात्री अभ्यास असा दिनक्रम कित्येक पिढ्यांच्या अंगवळणी पडला.

१९४९ नंतरची व्यवस्था

सनदी लेखापाल कायदा १ जुलै १९४९ रोजी अमलात आला आणि ‘इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया’ ही संस्था अस्तित्वात आली. मुंबईचे जी. पी. कापडिया तिचे पहिले अध्यक्ष झाले. संस्थेने टपालाद्वारे अध्ययनसाहित्य पुरवून गावोगावच्या विद्यार्थ्यास शिकवणीचा आधार दिला. पुढील काळात प्रशिक्षणार्थीस विद्यावेतन देणे बंधनकारक झाले. १९८८ च्या विनियमांत शहराच्या लोकसंख्येनुसार त्याचे दर ठरविण्यात आले. ज्या व्यवस्थेचे मूळ उमेदवाराने पैसे मोजण्यात होते, तिच्यात आता उमेदवाराला पैसे मिळू लागले, हा बदल लहान नव्हे.

परीक्षेच्या रचनेतही वेळेचा विचार दिसतो. विषयांचे दोन गट स्वतंत्रपणे देता येतात, आणि ६० गुण मिळालेल्या विषयात विहित अटींनुसार पुढील प्रयत्नांत सूट मिळते. कमी वेळ असलेल्या विद्यार्थ्यास त्यामुळे ओझे वाटून घेता येते. तथापि उत्तीर्ण होण्यास प्रत्येक विषयात ४० आणि एकूण ५० टक्के गुण लागतात. दोन्ही गट एकत्र दिल्यास एका गटातील अधिक गुणांनी दुसऱ्यातील तूट भरून निघू शकते. हा लाभ अर्थातच दोन्ही गटांची तयारी एकाच वेळी करू शकणाऱ्यास, म्हणजे ज्याच्यापाशी वेळ आहे त्यास, अधिक मिळतो.

२०२३ चा बदल

१ जुलै २०२३ पासून प्रशिक्षणाचा कालावधी तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आला. पूर्वी तीन वर्षांच्या प्रशिक्षणात १५६ दिवसांपर्यंत रजा मिळत असे, आणि शेवटचे सहा महिने शिल्लक असताना अंतिम परीक्षेस बसता येत असे. नव्या योजनेत रजा वर्षाला १२ दिवसांवर आली आणि प्रशिक्षण संपल्यानंतर सहा महिन्यांचा अभ्यासकाळ ठेवून मगच अंतिम परीक्षा देण्याची तरतूद झाली. २०२५ पासून अंतिम परीक्षाही वर्षातून तीनदा होऊ लागली.

अभ्यासासाठी अखंड वेळ हवा, हे या बदलाने प्रथमच स्पष्टपणे मान्य केले. परंतु हे सहा महिने प्रशिक्षणाच्या कराराबाहेरचे असल्यामुळे त्या काळात विद्यावेतन नाही. ज्याच्या घरी दुसरे उत्पन्न आहे, त्याला हा काळ वरदान ठरतो. ज्याला घरी पैसे पाठवावे लागतात, त्याला याच काळात नोकरी शोधावी लागते आणि मिळालेला वेळ पुन्हा हातातून निसटतो. प्रीमियमची प्रथा गेली, तरी अभ्यासाच्या काळाचा भार कुटुंबावर टाकण्याची रीत वेगळ्या रूपात उरली आहे.

समारोप

या आढाव्यावरून असे दिसते, की लेखा-व्यवसायाच्या परीक्षांनी पात्रतेचे निकष वेळोवेळी बदलले, मात्र अभ्यासाच्या तासांची जबाबदारी मुख्यतः विद्यार्थ्यावर व त्याच्या घरावरच ठेवली. जेथे ती काही अंशी सामूहिक झाली, तेथे विद्यावेतन, टपाली शिकवणी आणि सकाळचे सत्र यांसारख्या संस्थात्मक निर्णयांमुळे झाली.

यांपैकी वेळापत्रकाचा निर्णय महाविद्यालयाच्या हाती आहे. पदवीचे शिक्षण चालू ठेवणाऱ्या प्रशिक्षणार्थीस ११२ क्रमांकाच्या अर्जाद्वारे संस्थेची परवानगी घ्यावी लागते आणि त्यावर महाविद्यालयाने वर्गांच्या वेळा प्रमाणित करावयाच्या असतात. ती स्वाक्षरी औपचारिक वाटली, तरी विद्यार्थ्याचे दोन्ही शिक्षणक्रम एकत्र चालू शकतील की नाही, हे तिच्यावर अवलंबून असते. तालुक्याच्या ठिकाणी दुपारीच वर्ग भरविणाऱ्या महाविद्यालयाने वाणिज्य शाखेची एक तुकडी सकाळी घेतली आणि अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवली, तर त्याच्या विद्यार्थ्यांना रोज दोन-तीन तास मिळू शकतात. ‘अधिक अभ्यास करा’ हा उपदेश विद्यार्थ्यांनी पुष्कळ ऐकला आहे. त्यासाठी लागणारा वेळ उपलब्ध करून देणे हे शिक्षणसंस्थांचे कर्तव्य ठरते.