समुद्राच्या पोटांतील बातमी

राजोडीच्या सुरूच्या बनांतून पाहणाऱ्या पाहुण्याला समुद्राची पाठ तेवढी दिसते. वसईकडील कोळ्याला पोटही ठाऊक असतें. त्याचें डोल जाळें माशांमागें धांवत नाहीं. भरतीओहोटीच्या ओघांत तोंड पसरून तें नांगरून ठेवावयाचें. उधाणाला जाळें भरतें, भांगाला हात रिकामे. परंतु हा हिशेब भरतीच्या ओघाचा. पावसाळ्यांत दक्षिणेकडे आणि हिवाळ्यांत उत्तरेकडे किनाऱ्यालगत सरकणारा मंद प्रवाह, किंवा खोल पाण्याची ऊब, जाळ्याला कशी कळणार?

विद्वानांनाही तरी कोठें कळत होती! १८७२ ते १८७६ पर्यंत जगाचे समुद्र धुंडाळणारें 'चॅलेंजर' जहाज अरबी समुद्रांत आलेंच नाहीं. १८७४ सालीं लंडनच्या नेग्रेटी व झांब्रा यांनीं, उलटा करतांच पाऱ्याचा धागा तुटून खोलीवरचें तपमान जपणारा तापमापक काढला. एकमन या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या प्रवाहमापकांत होकायंत्राखालच्या कप्प्यांत गोळ्या पडत. त्या मोजून दिशा ठरवावयाची. युक्ति नामी, पण जहाज हाललें कीं माहिती संपली.

१९६० ते १९६५ च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेंत भारतीय नौदलाचें 'कृष्णा' हें जहाज होतें. तिच्या पाठोपाठ १९६६ सालीं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था निघाली. तिचें ठाणें गोव्यांत आहे. पाऱ्याची जागा आतां विद्युतेनें घेतली होती: उष्णतेनें ज्याचा विद्युत्‌रोध घटतो असा इवलासा मणी तारेनें सोडावा, कीं खोलीगणिक तपमान जहाजावर उमटे.

तरी जहाज लागेच. २००८ नंतर या संस्थेनें मुंबई व जयगड यांच्यासमोर, जेथें समुद्रतळ एकदम उतरूं लागतो तेथें, पाण्याखालीं यंत्रें नांगरलीं. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिटी चढी व दूर जाणारीची उतरती ऐकूं येते, तोच न्याय येथें: यंत्र ध्वनि सोडतें, पाण्यांतील सूक्ष्म कणांवरून परतलेल्या प्रतिध्वनीचा स्वर पाहतें आणि ओघाचा वेग काढतें. डोलीप्रमाणें तेंही एका जागीं बांधलेलें, ओघाची वाट पाहणारें. मला हें साम्य मौजेचें वाटतें. त्यांतून कळलें कीं प्रवाह ऋतूप्रमाणें उलटतो खरा, पण मध्येंच कांहीं आठवडे ऋतूची आज्ञा मोडून भलतीकडेही वाहतो.

मे २०२१ मध्यें 'तौक्ते' वादळ याच किनाऱ्यावरून उत्तरेस गेलें. अशा वादळाला बळ मिळतें तें पाण्याच्या कोमट थराच्या जाडीवरून. उपग्रहाला मात्र वरची त्वचाच दिसते. जाडी मोजतात ते 'आर्गो' तरंगक: दर दहा दिवसांनीं दोन हजार मीटरांवरून वर येत तपमान व क्षार टिपणारे. मुंबईसमोरील समुद्र मात्र कोसच्या कोस उथळ. त्यामुळें हे तरंगक दूरच राहतात. राजोडीच्या जाळ्यांपर्यंत येत नाहींत.