जपानची फटफटी

मागच्या महिन्यात बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांची बावीस इंची सायकल बाल्कनीत अडकून पडली. "मी मोटर बसवून देतो ना!" असं मी नेहमीप्रमाणे जोशात बोलून बसलो. हल्ली चाकात बसणारी मोटर, बॅटरी, कंट्रोलर असं सगळं किट तयार मिळतं. बाबांचं उत्तर एकच, "त्यापेक्षा आपली लूना काय वाईट होती?"

किट निवडायच्या नावाखाली शनिवार वाचनात गेला, आणि मी पोचलो थेट जपानातल्या हामामात्सु गावी, १९४६ साली.

युद्ध नुकतंच संपलेलं. आगगाड्या खच्चून भरलेल्या, पेट्रोल रेशनवर. लोक सायकलीवर ओझी लादून मैलोन्‌मैल जायचे. सोइचिरो होंडा तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर. पिस्टन रिंगच्या कंपनीतला आपला हिस्सा १९४५ मध्ये टोयोटाला विकून मोकळे झालेले. एका मित्राकडे त्यांना एक छोटं इंजिन दिसलं. लष्कराच्या वायरलेस सेटला वीज पुरवणाऱ्या जनरेटरचं. युद्ध संपल्यावर त्याला कोण विचारतो? होंडांनी ते सायकलला जोडलं. पहिल्या नमुन्याची पेट्रोलची टाकी म्हणजे चक्क अंथरूण गरम ठेवायची गरम पाण्याची बाटली! (आम्ही जुना कोड उचलून नव्या प्रॉजेक्टमध्ये चिकटवतो, त्यापेक्षा वेगळं काय?)

टेस्टिंग कोणी केलं? सौ. साची होंडा यांनी. भर गावातून चक्कर मारून आल्या, तर त्यांची चांगली विजार तेलाने माखलेली. कार्बुरेटरमधून तेल-पेट्रोलचे शिंतोडे उडत होते. असं असेल तर गिऱ्हाईक तक्रार करणार, हे त्यांनी नवऱ्याला स्पष्ट सांगितलं. होंडा तसे तापट, पण हे मात्र त्यांनी ऐकलं. विक्रीच्या मॉडेलमधून ते शिंतोडे गेले.

लष्कराची सुमारे ५०० इंजिनं संपल्यावर त्यांनी १९४७ मध्ये स्वतःचं ५० सीसीचं 'ए' मॉडेल काढलं. आवाजावरून लोक त्याला 'बाता-बाता' म्हणायचे. आपली 'फटफटी' तरी दुसरं काय आहे?

१९४८ मध्ये होंडा कंपनी झाली, १९४९ मध्ये 'ड्रीम' ही स्वतःच्या सांगाड्याची मोटरसायकल आली. आता सायकलीचं इंजिन कशाला? पण १९५२ मध्ये होंडा पुन्हा तिकडेच वळली. पांढरी टाकी, लाल इंजिन असं 'कब एफ' किट, मागच्या चाकाला बसणारं. विकायचं कुठे? कंपनीचे ताकेओ फुजिसावा यांनी देशभरातल्या सुमारे ५०,००० सायकल दुकानदारांना पत्रं पाठवली. मथितार्थ असा, की तुमच्या आधीच्या पिढीने सायकल विकायचं धाडस केलं, आता तुमची पाळी. तीस हजारांच्या आसपास उत्तरं आली. दुकानदाराला किंमत १९,००० येन, गिऱ्हाईकाला २५,०००, आणि पैसे आधी पाठवायचे! शोरूमवर एक येनही न घालवता देशभर विक्रीचं जाळं उभं राहिलं. १९५८ ची 'सुपर कब' पुढे याच कंपनीने आणली.

हे सगळं मी जेवताना रंगवून सांगितलं. आईने शांतपणे विचारलं, "मोटर लावशील रे, पण त्या दांड्यावरून ते पाय कसा टाकणार?"

मी गप्प! दोन दिवस वॉट आणि व्होल्टचा हिशोब मांडत होतो. दुखरा गुडघा त्या दांड्यावरून जाणारच नाही, हे डोक्यातच आलं नाही. जुन्या सळईच्या ब्रेकांचा विचार तर त्याहून लांब. सुपर कबला मधला दांडा नव्हता, पाय न उचलता बसता यायचं. २०१७ पर्यंत तशा दहा कोटी गाड्या बनल्या. आणि १९७२ ची आपली कायनेटिकची लूना? तिलाही दांडा नव्हता. म्हणजे बाबा पहिल्या दिवसापासून बरोबरच सांगत होते.

असो. किटची ऑर्डर रद्द केलीय. आता बिनदांड्याची, चांगल्या ब्रेकची सायकल शोधतोय. मोटरचं नंतर बघू. "लेडीज सायकल? मी?" असं बाबांनी एकदा विचारून झालंय. त्यांची समजूत आईच काढेल.