बीडची रोड ट्रिप: दोन घाट, तीन नद्या आणि एका सुलतानाचा दात

आजचा विषय रोड ट्रिप. इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये हे कुठून आलं असं वाटलं असेल, तर दहा मिनिटं द्या, येतोच मुद्द्यावर.

सध्या आयटीतल्या माझ्या वयाच्या बऱ्याच जणांच्या डोक्यात स्लोव्हेनिया आहे. स्वित्झर्लंड सगळ्यांनी बघितलं, आता कुणाला फारसं माहीत नसलेला देश हवा. छोटासा देश, २०,२७३ चौरस किलोमीटर. भाड्याची गाडी घ्यायची आणि आठवड्यात सगळा देश पालथा घालायचा. तिथलं ब्लेडचं तळं तर सगळ्यांच्या वॉलपेपरवर असतं: मध्ये बेट, बेटावर चर्च. सुंदर आहे, नाव ठेवायला जागा नाही.

पण बीड जिल्हा १०,६९३ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे स्लोव्हेनियाच्या निम्म्याहून थोडा जास्तच. तळ्याच्या मधोमध उभं असलेलं देऊळ बीड शहरातही आहे, काळ्या दगडाचं, आठ-नऊशे वर्षांचं. आणि ‘कुणाला फारसं माहीत नाही’ या परीक्षेत तर बीड पहिल्या नंबराने पास होईल. बीड म्हटलं की लोकांना दुष्काळ आठवतो, ऊसतोड आठवते, नाहीतर संध्याकाळच्या बातम्या. तिकडे फिरायला जायचं असं कुणी म्हणत नाही. मी त्याच जिल्ह्यातला, त्यामुळे हा भाग मी थोडा चिडून करतोय हे आधीच सांगतो.

आता प्लॅन. आपण प्लॅन कसा करतो? मॅपवर पिना टोचतो आणि गूगलला सांगतो, जोड. बीडमध्ये असं केलंत तर एक विहीर, एक किल्ला, दोन धबधबे, चार देवळं असा विस्कळीत ढिगारा मिळतो आणि प्रत्येक ठिकाणी ‘बरं, पुढे?’ असं होतं. त्यापेक्षा एक वेगळा प्रश्न विचारा. तुमच्याबरोबर हजारो माणसं आहेत, घोडे, बैल, हत्ती, तोफा आहेत, आणि तुम्हाला दौलताबादहून बीदरकडे जायचंय. कुठून जाल? इथे सगळ्यात जवळचा रस्ता हे उत्तर चालत नाही. जनावरांना रोज पाणी लागतं आणि तोफा कुठल्याही उतारावरून उतरत नाहीत. म्हणजे दोन अटी: पाणी आणि घाट. या दोन अटी घालून बीडचा नकाशा बघितला की पिना आपोआप रांगेत येतात.

जिल्ह्याचे मुळात दोन मजले आहेत. खालचा मजला गंगाथडी. आपल्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात, तिच्या काठचा काळ्या मातीचा सपाट पट्टा. वरचा मजला बालाघाट. ‘बाला’ म्हणजे फारसीत वर, म्हणून घाटावरचा मुलूख. वर माळ, पातळ माती, कुसळं. दोन मजल्यांना जोडणारे जिने म्हणजे घाट. इथला राजकीय इतिहास बराचसा या जिन्यांवर आणि त्यांच्या खालच्या पाण्यावर घडला.

पुण्याकडून आलात तर नगर, कडा, आष्टी, जामखेड असं याल. जामखेडला सरळ पुढे जाऊ नका, आधी खर्ड्याला वळा. खर्डा बीड जिल्ह्यात नाही, नगरमध्ये आहे, पण जिल्ह्याच्या सीमा काल-परवाच्या. मार्च १७९५ मध्ये निजाम अली बीदरहून मांजरेच्या काठाकाठाने आला आणि मोहरीच्या घाटाने खाली उतरला. समोर पेशवे, शिंदे, होळकर, भोसले सगळे एकत्र. लढाई म्हणावी तर फार मोठी झालीच नाही. रात्री निजामाच्या फौजेत घबराट उडाली आणि तो खर्ड्याच्या छोट्या किल्ल्यात जाऊन बसला. मराठ्यांनी वेढा घातला आणि आत पाण्याविना हाल सुरू झाले. फ्रेंच सेनानी रेमाँनं तयार केलेल्या पलटणी होत्या, तोफा होत्या, पण घोटभर पाणी नव्हतं. काही दिवसांत तह झाला आणि निजामाला आपला दिवाण मुशीर-उल-मुल्क ओलीस द्यावा लागला. किल्ला बघून घ्या, अर्धा तास पुरे. आत उभं राहिल्यावर ‘एवढ्याशा जागेत?’ हा प्रश्न पडतोच.

परत जामखेडला येऊन बीडच्या रस्त्याला लागलात की सौताडा. इथे विंचरणा नदी बालाघाटावरून दरीत उडी घेते, खाली रामेश्वराचं देऊळ आहे. धबधबा बघायचा तर ऑगस्ट-सप्टेंबर. जानेवारीत गेलात तर ओला कातळ बघून याल आणि मला शिव्या घालाल.

इथे गाडी बाजूला लावून थोडा भूगोल ऐका, कारण जिल्ह्यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट हीच आहे. पाटोदा तालुक्याच्या या डोंगराळ भागात पडलेला पाऊस कुठे जाईल, हे तो नेमका कुठल्या उतारावर पडला यावर ठरतं. विंचरणेत पडला तर सीना, भीमा करत कृष्णेला. बिंदुसरेत पडला तर बीड शहरातून सिंदफणेला आणि मंजरथजवळ गोदावरीला. आणि मांजरेत पडला तर तीही शेवटी गोदावरीलाच मिळते, पण कशी? धनेगावचं धरण, लातूर, बीदर, पार संगारेड्डीपर्यंत जाऊन, वळसा घालून तेलंगणात. हैदराबाद शहराने वर्षानुवर्षं मांजरेचं पाणी प्यायलंय. म्हणजे बीडच्या माळावर उगवलेली नदी हैदराबादच्या नळाला, आणि बीडच्या गावात टँकर. २०१६ मध्ये धनेगावचं धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ती हीच मांजरा. डोंगरमाथ्यावर राहण्याचा हा तोटा: पाऊस तुमच्याकडे पडतो, साठतो दुसऱ्याकडे.

अजून एक. दसरा-दिवाळीनंतर याच रस्त्यावर उलट दिशेने येणारे ट्रक आणि ट्रॅक्टर दिसतील. वर भांडीकुंडी, पत्रे, पोरं, कोंबड्या, एखादी शेळी. मुकादमाकडून उचल घेऊन कोयता धरायला निघालेली कुटुंबं. जिल्ह्यातली सगळ्यात मोठी रोड ट्रिप हीच, दरवर्षीची. तिचे फोटो काढू नका, एवढीच विनंती.

पाटोदा, लिंबागणेश, मांजरसुंबा. मांजरसुंब्याजवळ कपिलधार आहे, तिथे मन्मथस्वामींची समाधी आणि धबधबा. कार्तिकी पौर्णिमेला लिंगायत समाजाची मोठी यात्रा असते, तेव्हा गाडी आत न्यायचा विचार सोडा. मग मांजरसुंब्याचा घाट उतरायचा. वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर येताय हे कानालाही कळतं. खाली पालीचं बिंदुसरा धरण आणि पुढे बीड.

या बीडला एकदा मुहम्मद बिन तुघलक आला होता. वारंगळच्या बाजूने आजारी पडून परतत होता आणि बीडजवळ त्याची दाढ इतकी दुखली की काढावी लागली. फरिश्ता हा इतिहासकार सांगतो की सुलतानाने तो दात समारंभपूर्वक पुरला आणि वर घुमटी बांधायला सांगितली. बीडजवळच्या टेकडीवरची घुमटी हीच, असं आजही सांगतात. सगळे हसतात या गोष्टीला, मीही हसतो. पण तिच्यातली कामाची माहिती वेगळी आहे: चौदाव्या शतकात वारंगळहून पैठण-दौलताबादकडे जाणारा सुलतान बीडवरून जात होता. म्हणजे हे कोपऱ्यातलं गाव नव्हतं. दख्खनच्या हमरस्त्यावरचा मुक्काम होता.

मुक्काम करायचा तर पाणी हवं, आणि इथे येते खजाना विहीर, शहरापासून पाच-सहा किलोमीटरवर. सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळात, बीडचा जहागीरदार सलाबत खान याने ती बांधली. वरून बघाल तर एक मोठी गोल विहीर, बस. पण तिला जमिनीखालून बोगदे आहेत. दोन पाणी आणतात, एक घेऊन जातो. बोगद्याला इतका हलका उतार दिलाय की पाणी शहराजवळच्या शेतांपर्यंत आपोआप वाहत जातं. ना मोट, ना रहाट, ना पंप. दुष्काळातही ही विहीर आटत नाही अशी तिची ख्याती आहे. औरंगाबादची मलिक अंबरची नहर आपल्याला माहीत असते, तिच्यावर माहितीपट निघतात. पण ती पुढच्या, सतराव्या शतकातली. खजाना विहीर तिच्या आधीची. इंजिनिअर म्हणून मला हेवा वाटतो तो याचा: एकदा बसवलं आणि सव्वाचारशे वर्षं मेंटेनन्सचा गवगवा नाही. आमची सॉफ्टवेअरं चार वर्षं टिकत नाहीत.

शहरातलं कंकालेश्वर म्हणजे सुरुवातीला म्हटलं ते तळ्यातलं देऊळ. चौकोनी कुंड, मधोमध मंदिर. बाहेरच्या भिंतीवरच्या स्त्रियांच्या मूर्ती नीट बघा, त्यातल्या काहींच्या हातात शस्त्रं आहेत.

दुसऱ्या दिवशी उत्तरेला, गेवराईवरून राक्षसभुवनला. ‘शनीचं राक्षसभुवन’ असं विचारा. लोक येतात ते शनीच्या दर्शनाला. तुम्ही देवळामागे नदीकाठी जाऊन उभे राहा. १० ऑगस्ट १७६३. पानिपतला जेमतेम अडीच वर्षं झालेली. त्याच वर्षी निजामाने पुणं लुटलं, जाळलं. मराठी फौज उलट त्याच्या मुलखात घुसलेली. निजाम अली औरंगाबादकडे निघाला होता, वाटेत गोदावरी आडवी आली, आणि महिना श्रावणाचा. तो काही फौजेसह पलीकडे गेला. दिवाण विठ्ठल सुंदर उरलेली फौज आणि सामान घेऊन या काठावर राहिला. मराठ्यांनी तेवढ्यात गाठलं. सुरुवातीला राघोबादादाच वेढले गेले होते, मग माधवराव धावून आले. विठ्ठल सुंदर मारला गेला. निजाम पलीकडच्या काठावरून बघत राहिला, मध्ये भरलेली गंगा. माधवराव तेव्हा अठरा वर्षांचे होते. पानिपतानंतर मराठी सत्ता सावरली ती इथून, असं मला वाटतं. कोण जिंकलं याइतकंच कुठल्या दिवशी नदीला किती पाणी होतं, हेही तिथे निर्णायक ठरलं. आता वर पैठणला १९७६ पासून जायकवाडी आहे, त्यामुळे इथला पूर पावसावर कमी आणि धरणाच्या दरवाजांवर जास्त अवलंबून असतो.

तिसऱ्या दिवशी माजलगाव, तेलगाव आणि मग धारूरचा घाट. अरुंद आहे, वळणं वाईट आहेत, रात्री जाऊ नका. घाट संपतो त्या कडेवर धारूरचा किल्ला. आदिलशाही सरदार किश्वर खानाने बांधला, मग निजामशाहीकडे गेला, मग मुघलांनी घेऊन नाव ठेवलं फतेहाबाद. इतक्या जणांना हा का हवा होता हे चढून आल्यावर समजतं, जिन्याचं दार आहे ते. आत पाण्याचे साठे आहेत, त्यातल्या एकाला गोडी दिंडी म्हणतात आणि एकाला खारी दिंडी. नाव ठेवणाऱ्याने पाणी पिऊनच ठेवलं असणार.

अंबाजोगाईला मात्र एक रात्र काढाच. मुकुंदराजांची समाधी, योगेश्वरी, हत्तीखान्याची लेणी, आणि दासोपंतांची पासोडी: सुमारे ४० फूट लांब कापडावर लिहिलेला ग्रंथ. निजामाच्या काळात गावाचं नाव मोमिनाबाद होतं आणि इथे घोडदळाची छावणी होती. पुढे याच गावात स्वामी रामानंद तीर्थांनी शाळा चालवली आणि निजामाविरुद्धच्या लढ्याची माणसं तिथे तयार झाली.

शेवटचा टप्पा परळी. वैजनाथाचं दर्शन आणि त्याच गावात औष्णिक वीजकेंद्र, जे २०१३ मध्ये पाणी नाही म्हणून बंद ठेवावं लागलं होतं. रेल्वे परळीला निजामाच्या काळातच आली, पण ती विकाराबादकडून, म्हणजे हैदराबादच्या बाजूने. राजधानी तिकडे होती. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला, राजधानी पश्चिमेला गेली, पण रूळ पूर्वेकडेच तोंड करून राहिले. नगरकडून येणारी गाडी आष्टीला पोचली २०२२ मध्ये आणि बीडला १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी. नगर–बीड–परळी हा सगळा मार्ग २६१ किलोमीटरचा. त्यातला बीड ते परळी तुकडा मी हे बोलतोय तोपर्यंत तरी बाकी आहे. तेव्हा सध्या गाडीनेच या, पेट्रोल बीडलाच भरून घ्या, आणि सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा धरा: सौताडा वाहत असतो आणि ऊसाचे ट्रक अजून सुटलेले नसतात.