झाडीपट्टीच्या गायकाचे नाव आमदारकीसाठी गेले, पुढे काय झाले?

सालेकसा : भाऊबीज झाली की आपल्या भागात मंडईचे दिवस सुरू होतात. दिवसा दंडार, रात्री नाटक. झाडीपट्टीच्या नाटकात गाण्याला मोठा मान. नट गाता असला की गावोगावचे लोक त्याच्या नावावर येतात. याच झाडीपट्टीतल्या एका गायकाचे नाव २०२० मध्ये थेट विधान परिषदेच्या आमदारकीसाठी राज्यपालांकडे गेले होते. ते नाव म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातील लोकगायक आणि झाडीपट्टीचे कलावंत अनिरुद्ध वनकर. ती आमदारकी त्यांना मिळाली नाही. का मिळाली नाही, हे समजायचे तर आधी नियम पाहावा लागतो.

कलावंतांसाठी जागा कुठून आली?

महाराष्ट्र विधान परिषदेत एकूण ७८ जागा आहेत. त्यातल्या १२ जागांवर निवडणूक होत नाही, राज्यपाल नेमणूक करतात. राज्यघटनेच्या कलम १७१ मध्ये साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा अशी पाच क्षेत्रे दिली आहेत. त्यात विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांना या जागा मिळाव्यात, अशी तरतूद आहे. मुदत सहा वर्षांची. नेमलेला सदस्य पूर्ण आमदार असतो. तो सभागृहात प्रश्न विचारतो, विधेयकावर बोलतो आणि मतही देतो.

सत्कार किंवा अभिनंदनाचा ठराव एका दिवसात आटोपतो. इथे कलावंताला सहा वर्षे बोलायला मिळते. फरक इथेच आहे.

आधी कोण गेले?

गीतकार, कवी ग. दि. माडगूळकर १९६२ पासून १२ वर्षे विधान परिषदेत होते. रानातली कविता लिहिणारे ना. धों. महानोर यांची नेमणूक १९७८ मध्ये झाली. राज्यसभेतही अशाच १२ जागा असतात, त्या राष्ट्रपती भरतात. लता मंगेशकर १९९९ ते २००५ या काळात तिथे खासदार होत्या.

यादी कशी अडली?

जून २०२० मध्ये विधान परिषदेतल्या या बाराही जागा रिकाम्या झाल्या. तेव्हा राज्यात महाविकास आघाडीचे सरकार होते. तीन पक्षांनी प्रत्येकी चार नावे ठरवली. ६ नोव्हेंबर २०२० रोजी मंत्र्यांनी बंद पाकिटातली यादी राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांच्याकडे दिली. दिवाळी आठ दिवसांवर होती. काँग्रेसच्या चार नावांत वनकर होते, राष्ट्रवादीच्या नावांत गायक आनंद शिंदे आणि शिवसेनेच्या नावांत अभिनेत्री उर्मिला मातोंडकर. एकाच यादीत दोन लोकगायक होते.

पण राज्यपालांकडून होकार आला नाही आणि नकारही आला नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. १३ ऑगस्ट २०२१ रोजी न्यायालयाने सांगितले, की मंत्रिमंडळाची शिफारस मान्य करणे किंवा परत पाठवणे, यापैकी एक निर्णय राज्यपालांनी वाजवी वेळेत घ्यायला हवा आणि आठ महिने हा काळ पुरेसा आहे. मात्र राज्यपालांना थेट आदेश देता येत नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. त्यानंतरही यादी तशीच राहिली.

जून २०२२ च्या शेवटी सरकार बदलले. नव्या सरकारने सप्टेंबरमध्ये जुनी यादी मागे घेतली. राज्यपालांनी सही केलेली नसल्याने त्या बारा नावांचा विषय तिथेच संपला. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी या कोट्यातून सात जणांनी आमदारकीची शपथ घेतली. त्यात गायक एकही नव्हता. जुनी यादी मागे घेण्याविरुद्धची याचिका उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी फेटाळली.

आपल्यासाठी यात काय?

झाडीपट्टीची कला कमी पडली म्हणून ही जागा गेली, असे नाही. २०२३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना केंद्र सरकारने पद्मश्री दिली. कलेचा मान दिल्लीपर्यंत पोहोचला. आमदारकीची वाट मात्र वेगळी आहे. घटनेत कलेचे नाव असले तरी यादी मंत्रिमंडळ करते, म्हणजे पक्ष करतात. कलावंताचे नाव पक्षाच्या वाट्यातून जाते आणि सरकार गेले की नावही जाते.

तोटा एका माणसापुरता नाही. सालेकसा, देवरी, आमगावकडच्या गावांत मराठीबरोबर पोवारी, गोंडी, छत्तीसगढी ऐकू येते. दंडार, खडी गंमत, नाटक यावर हंगामात अनेक घरांची चूल पेटते. नट, गायक, तबला-ऑर्गनवाले, पडदे लावणारे, मंडप घालणारे, सगळेच त्यात आले. नाटकाची परवानगी, म्हाताऱ्या कलावंतांचे मानधन, तालुक्याला बंदिस्त नाट्यगृह, हे प्रश्न सभागृहात मांडायला त्याच मंचावर रात्री जागवलेला माणूस लागतो.

पुढे कधी आपल्याकडच्या कलावंताचे नाव अशा यादीत आले, तर बातमी वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात : मंत्रिमंडळाची शिफारस झाली का, राज्यपालांची सही झाली का आणि शपथ झाली का. या तिन्ही पायऱ्या झाल्यावरच फटाके फोडावेत.