टिक्की, चपेड शॉट आणि 'तुम्ही लोक' : कॅनडातल्या हॉकी समालोचनाची शंभर वर्षं

मंडळी, सगळ्यात भारी समालोचक कोण, आणि कोण बोलायला लागला की टीव्हीचा आवाज बंद करावासा वाटतो, हा वाद आपल्याकडे क्रिकेटवरून रंगतो. कॅनडात तोच वाद हॉकीवरून रंगतो, आणि पिढ्यान्पिढ्या. ही हॉकी आपल्या ध्यानचंद-धनराजची नव्हे. ती बर्फावरची. पायात स्केट्स, हातात काठी आणि चेंडूऐवजी काळ्या रबराची चपटी चकती. तिला ते पक म्हणतात.

तिकडच्या या वादाचा इतिहास वाचला, तर तो नुसता आवाजाचा वाद नाही हे कळतं. प्रसारण करणाऱ्यांनी घरात बसलेला श्रोता कोण धरला होता, हा त्यातला खरा मुद्दा आहे. म्हणून आज ही लांबलचक पोस्ट.

सुरुवात 1923 ची. 'टोरंटो स्टार' या वर्तमानपत्राचं स्वतःचं रेडिओ केंद्र होतं. 8 फेब्रुवारीला नॉर्मन अल्बर्टने एका सामन्याच्या शेवटच्या टप्प्याचं वर्णन केलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच पेपरचा विशीतला बातमीदार फॉस्टर हेविट टेलिफोन हातात घेऊन बसला. पहिला मान अल्बर्टचा, पण लोकांच्या लक्षात राहिला हेविट. 1931 मध्ये टोरंटोत मेपल लीफ गार्डन्स हे स्टेडियम झालं. तिथे बर्फापासून 56 फूट उंच, छताखाली टांगलेल्या कक्षातून हेविट बोलायचा. शनिवारी रात्री बाहेर बर्फ पडतोय आणि दूरच्या शेतावरचं अख्खं कुटुंब रेडिओभोवती बसलंय, असं ते चित्र. 'ही शूट्स, ही स्कोअर्स' हे त्याचं वाक्य तिथल्या पोरांच्या तोंडी बसलं. आपल्याकडे हॉकीत जसदेव सिंग यांच्या आवाजाला जो मान मिळाला, तसा त्याला तिकडे मिळाला.

पण हेविट बोलायचा तो टोरंटोच्या सामन्यांवर, इंग्रजीत. मॉन्ट्रियलच्या फ्रेंच माणसाने काय करायचं?

1952 मध्ये कॅनडात टीव्ही आला आणि मॉन्ट्रियलहून रेने लकाव्हालिए फ्रेंचमध्ये बोलायला लागला. तोवर फ्रेंच माणूस हॉकी खेळायचा, पण खेळाचे बरेचसे शब्द इंग्रजीच वापरायचा. कारखान्यात मालक इंग्रज, कामगार फ्रेंच, तसंच हेही. लकाव्हालिएने फटक्यांना, पासला, अडवणुकीला फ्रेंच शब्द रुळवले, आणि तेही शुद्ध, घरंदाज भाषेत. तीनच वर्षांनी, मार्च 1955 मध्ये, मोरीस रिचर्ड या फ्रेंच खेळाडूवर लीगच्या इंग्रजीभाषक अध्यक्षाने बंदी घातली आणि मॉन्ट्रियलमध्ये दंगल उसळली. हॉकी आणि भाषेचा संबंध तिथे इतका जिवाशी होता. त्यामुळे फ्रेंच चाहत्यांच्या यादीत लकाव्हालिए पहिला का, हे वेगळं सांगायला नको.

त्याच मॉन्ट्रियल संघाचा इंग्रजी आवाज होता डॅनी गॅलिव्हन. हा स्वतःच शब्द बनवायचा. तोफेसारख्या फटक्याला त्याने 'कॅननेडिंग' म्हटलं. एका प्राध्यापकाने असा शब्दच नाही म्हणून कळवलं, तेव्हा त्याने 'आता आहे' असं उत्तर दिलं, असं सांगतात. टोरंटोवाले हेविटची बाजू घेणार, मॉन्ट्रियलवाले गॅलिव्हनची. हा वाद मिटणारा नव्हेच.

1972 मध्ये सोव्हिएत संघाविरुद्ध आठ सामन्यांची मालिका झाली. निवृत्त हेविटला परत बोलावलं. वय 69. इव्हान कुर्नुआये या फ्रेंच खेळाडूचं नाव तो चुकीचं उच्चारत राहिला. तरी 28 सप्टेंबरला मॉस्कोत, 34 सेकंद उरले असताना पॉल हेंडरसनने निर्णायक गोल केला, त्या क्षणाचा आवाज म्हणून इंग्रजी कॅनडाला हेविटच आठवतो. फ्रेंच घरांत तोच गोल लकाव्हालिएच्या आवाजात आठवला जातो. देश एकच, गोल एकच, आवाज मात्र दोन.

आता 'सर्वात वाईट'च्या यादीकडे येऊ. डॉन चेरी हा माजी प्रशिक्षक. तो धावतं वर्णन करायचा नाही, मधल्या विश्रांतीत मतं मांडायचा. भडक कोट, चढा आवाज, मारामारीचं कौतुक. युरोपियन आणि फ्रेंच खेळाडूंना टोमणे. 2004 मध्ये सर्वात थोर कॅनेडियन कोण, याचा कौल सीबीसीने घेतला, तर हा गडी सातवा आला! त्याच वर्षी त्याच्या बेताल बोलण्यामुळे त्याचा कार्यक्रम सात सेकंद उशिरा दाखवायची वेळही सीबीसीवर आली. एकच माणूस दोन्ही याद्यांत वर.

9 नोव्हेंबर 2019. महायुद्धातल्या हुतात्म्यांच्या स्मरणार्थ तिथे छातीवर पॉपीचं फूल लावतात. चेरी बाहेरून आलेल्या लोकांना उद्देशून 'तुम्ही लोक' म्हणाला. तुम्हाला इथलं दूध-मध हवं, पण फुलासाठी दोन डॉलर टाकत नाही, असा सूर. दोन दिवसांत नोकरी गेली. आणि बघा, ज्या महायुद्धांच्या आठवणीचं हे फूल, त्यांत आपल्या मराठा पलटणीही लढल्या होत्या.

गंमत म्हणजे ज्यांना तो 'तुम्ही लोक' म्हणाला, त्यांच्या भाषेत हीच हॉकी तेव्हा अकरा वर्षं सुरू होती. 2008 मध्ये सीबीसीने पंजाबी समालोचन सुरू केलं. हरनारायण सिंग, अल्बर्टा प्रांतातल्या ब्रूक्स या छोट्या गावचा पगडीधारी मुलगा. सुरुवातीला दर आठवड्याला कॅलगरीहून टोरंटोला स्वखर्चाने विमानाने जायचा. या मंडळींनी इंग्रजीचं भाषांतर केलं नाही. पकला म्हटलं 'टिक्की', आलू टिक्कीतली! स्लॅप शॉटला 'चपेड शॉट', म्हणजे थप्पड. नातवाचा खेळ आजीला कळायला लागला. 30 मे 2016 ला स्टॅन्ली कपच्या अंतिम फेरीत पिट्सबर्गच्या निक बोनिनोने गोल केला आणि हरनारायणने 'बोनिनो, बोनिनो, बोनिनो' असा गजर लावला. पंजाबीचा गंध नसलेल्या लोकांनीही तो व्हिडिओ डोक्यावर घेतला. पिट्सबर्गने विजयोत्सवाला या चमूला खास बोलावलं.

आता आपलं. बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून क्रिकेट मराठीत आणलं, क्रिकेटसाठी मराठी शब्द घडवले. लकाव्हालिएचंच काम ते. 2023 च्या आयपीएलला मोबाइलवर मराठी समालोचन मिळालं, केदार जाधव तिथे बोलत होता आणि तिथूनच तो बंगळुरूच्या संघात खेळायला गेला. चांगलंच झालं. पण मराठी पर्याय मिळाला म्हणजे काम संपलं असं समजू नका. हिंदी वाक्यांना मराठी क्रियापदं जोडली की मराठी समालोचन होत नाही. आपल्या गावच्या कबड्डीच्या मैदानावर माइक धरणारा पोरगा बघा. पकड, चढाई, बोनस, कोणाचा पोरगा कोणत्या वाडीचा, सगळं त्याच्या जिभेवर असतं. त्याला टीव्हीवाले कधी विचारत नाहीत.

मराठी समालोचन हवं म्हणून निवेदनं देणाऱ्या पक्षांनी आणि वाहिन्यांनी एवढं एकच करावं : अशी पोरं शोधावीत, त्यांना शिकवावं आणि मानधन द्यावं. नाहीतर मराठीचं बटण असेल, आणि आपणच ते दाबून परत हिंदीवर जाऊ.