तांडा, टाकी आणि चार्जर : हिंगोलीच्या लांब प्रवासाची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? चला, सुरू करूया.

गेले काही महिने मेसेजमध्ये एक प्रश्न सारखा येतोय. "दादा, इलेक्ट्रिक कार घेतली तर दिवाळीला पुण्याहून हिंगोलीला नीट पोचता येईल का?" विचारणारे बहुतेक आपलेच. कुणी वसमतचं, कुणी कळमनुरीचं, कुणी सेनगावचं, पण नोकरी पुण्यात. घरातली पहिली कार आहे, हप्ते सात वर्षांचे आहेत. त्यामुळे हा प्रश्न हसून सोडून देण्यासारखा नाही.

आता हा इतिहासाचा पॉडकास्ट, कारच्या रिव्ह्यूचा नाही. पण हाच प्रश्न आपल्या जिल्ह्याने बैलाबद्दल विचारलाय, रेल्वेच्या इंजिनाबद्दल विचारलाय आणि मोटारीबद्दलही विचारलाय. गाडी किती लांब जाईल, याचं अर्धं उत्तर गाडीत असतं आणि अर्धं वाटेवर. आजचा भाग त्या वाटेवरच्या अर्ध्या उत्तराबद्दल.

सुरुवात बैलापासून करू. हिंगोली म्हणजे निजामाच्या राज्यातली कापसाची मोठी पेठ आणि लष्करी छावणी. हैदराबाद कंटिन्जंटची ही छावणी १९०३ पर्यंत इथे होती. शहरातलं रिसाला बाजार हे नाव त्याच काळाची आठवण. एवढ्या फौजेला धान्य लागायचं, मीठ लागायचं, आणि इथला कापूस बाहेर जायचा. रेल्वे येण्याआधी हे सगळं बैलगाडीवर किंवा बैलाच्या पाठीवर.

बैलाच्या पाठीवरच्या व्यापाराचे उस्ताद म्हणजे बंजारा समाज. आपल्या जिल्ह्यात आज जागोजागी तांडे आहेत, पण एकेकाळी तांडा म्हणजे चालता काफिला होता. पीटर मंडी नावाचा इंग्रज प्रवासी १६३२ मध्ये उत्तर हिंदुस्थानात फिरत होता. त्याला वाटेत एक तांडा भेटला, धान्य लादलेले १४,००० बैल! आणि वेग किती? दिवसाला सहा-सात मैल. म्हणजे दहा-अकरा किलोमीटर.

एवढा कमी का? कारण बैलाला चरायला वेळ लागतो. पाणी लागतं, रवंथ करायला निवांतपणा लागतो. १४,००० बैलांना एकाच वेळी पुरेल एवढं गवत आणि पाणी कुठे आहे, हे माहीत असणं हाच बंजाऱ्यांचा खरा धंदा होता. त्यांची वाट नकाशावरच्या सरळ रेषेत जायची नाही. जिथे कुरण आणि पाणी, तिकडून जायची.

आजही हेच बघायचं असेल तर आषाढी वारीत बघा. शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी आपल्या जिल्ह्यातून सेनगाव, नरसी, औंढा अशी जाते. रोज किती चालायचं आणि कुठे मुक्काम करायचा, हे आधीच ठरलेलं. माणूस एका दिवसात जेवढं चालू शकतो, तेवढ्या अंतरावर जेवणाची आणि झोपायची सोय. ती सोय आहे म्हणून वारकरी निर्धास्त निघतो.

आता रेल्वे. मनमाडहून सिकंदराबादला जाणारी निजामाची मीटर गेज लाईन विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला पूर्ण झाली. ती परभणी, पूर्णा, नांदेडवरून गेली, हिंगोलीला बाजूला ठेवून. मग १९१२ मध्ये पूर्णा ते हिंगोली असा फाटा टाकला, सुमारे ८० किलोमीटरचा. कशासाठी? मुख्य कारण कापूस. आणि हा फाटा हिंगोलीत येऊन थांबला. पुढे वाशीम-अकोल्याकडे जायचं तर पुन्हा बैलगाडी. रूळ तिकडे पुढे सरकले ते स्वातंत्र्यानंतर.

वाफेच्या इंजिनाचीही रेंज असायची बरं का. कोळसा भरपूर घेता येतो, पण पाणी लवकर संपतं. म्हणून ठरावीक अंतरावरच्या स्टेशनांवर पाण्याच्या उंच टाक्या. टाकी कोरडी असेल तर इंजिन कितीही दणकट असो, गाडी पुढे जाणार नाही.

दुसरी भानगड गेजची. आपली लाईन मीटर गेज आणि मनमाडहून मुंबईला जाणारी ब्रॉड गेज. म्हणजे हिंगोलीच्या कापसाच्या गाठी मनमाडला उतरवायच्या आणि दुसऱ्या गाडीत चढवायच्या. आपल्याकडे पूर्णा-अकोला मार्ग ब्रॉड गेज झाला २००८ मध्ये! फाटा पडल्यापासून ९६ वर्षांनी.

हे इलेक्ट्रिक कारमध्येही झालंय. देशात सुरुवातीला 'भारत डीसी-००१' नावाचे १५ किलोवॅटचे चार्जर बसवले गेले. नंतर आलेल्या बहुतेक कारना मात्र 'सीसीएस-२' हा वेगळा प्लग होता. चार्जर समोर उभा, पण आपल्या कारला बसत नाही. मनमाडच्या फलाटावरच्या गाठींसारखंच. आता कारसाठी सीसीएस-२ रुळलाय, पण त्यात काही वर्षं गेली.

आता मोटारीकडे येऊ, आणि जरा परदेशात जाऊ. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ ही बाई आपल्या दोन मुलांना घेऊन नवऱ्याने बनवलेल्या मोटारीतून निघाली. जर्मनीतलं मानहाइम ते फोर्झहाइम, शंभरेक किलोमीटर. मोटारीचा हा पहिला लांबचा प्रवास समजला जातो. पेट्रोल पंप तेव्हा नव्हतेच. वाटेत विस्लोख गावच्या औषधाच्या दुकानातून तिने कपडे साफ करायचं द्रावण विकत घेतलं आणि टाकीत ओतलं.

आणि गंमत बघा. १९०० मध्ये अमेरिकेत ४,१९२ मोटारी तयार झाल्या. त्यातल्या १,५७५ विजेच्या होत्या, पेट्रोलच्या फक्त ९३६. बाकीच्या वाफेच्या. मग विजेची मोटार का हरली? १९१२ मध्ये सेल्फ स्टार्टर आला, हँडल मारायची कटकट गेली, पेट्रोलची मोटार स्वस्त झाली, ही कारणं आहेतच. पण वाटेचंही एक कारण आहे. पेट्रोल डब्यात भरता येतं. डबा बैलगाडीवर टाकला की कुठल्याही खेड्यातल्या दुकानात पोचतो. वीज डब्यात भरता येत नाही, आणि शहराबाहेर तेव्हा तारा नव्हत्या.

आता हेच उलटं करून बघा. आज हिंगोली जिल्ह्यातल्या किती गावांत पेट्रोल पंप आहे? मोजक्याच. आणि विजेचा खांब? गावोगावी. १९०० मध्ये वीज जिथे हरली, तिथे आज ती आधीच पोचलेली आहे.

मग अडचण काय? अडचण वेगाची. थोडं गणित करूया, सोपं आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. पंपावरचा पाइप मिनिटाला ३० लिटर सोडतो असं धरा, म्हणजे मिनिटाला २७० युनिट. इंजिन त्यातला पाऊण भाग उष्णतेत घालवतं, तरी ६५-७० युनिट कामाला येतात. आणि ६० किलोवॅटचा फास्ट चार्जर देतो मिनिटाला एक युनिट. घरातला १५ अँपिअरचा प्लग देतो तासाला तीन. बैल आठवला ना? पोट भरायला वेळ लागतो.

आता दिवाळीचा हिशेब. पुणे-हिंगोली ४६० किलोमीटर धरू. कारची बॅटरी ४० युनिटची. हायवेवर एसी लावून एका युनिटला ६ किलोमीटर. कंपनी याहून जास्त सांगते, पण ती मोजणी कमी वेगाची असते, आणि वेग वाढला की हवेचा अडथळा झपाट्याने वाढतो. तर लागणार ७७ युनिट. पुण्यातून ४० भरून निघालात, पोचताना ५ शिल्लक ठेवलेत, तर वाटेत ४२ युनिट घ्यावे लागतील. म्हणजे दोन थांबे, मिळून सव्वा ते दीड तास. एक थांबा नगरच्या पुढे, एक जालन्याच्या आसपास. जेवण आणि चहा त्यातच उरकतं. कागदावर अगदी जमण्यासारखं आहे.

कागदावर. गेल्या दिवाळीत एका मित्राच्या कारमधून मी हा प्रवास केला. ॲपवर हिरवा दिसणारा एक चार्जर प्रत्यक्षात बंद होता. दुसरा सुरू होता, पण पुढे दोन गाड्या. प्रत्येकीला चाळीस मिनिटं. आम्ही पोचलो, पण अडीच तास उशिरा, आणि शेवटचे शंभर किलोमीटर एसी बंद करून. पेट्रोल पंपावर दोन गाड्या पुढे असल्या तर पाच-दहा मिनिटं जातात. इथे दीड तास जातो. चार्जर किती आहेत यापेक्षा एका जागी किती आहेत आणि त्यातले चालू किती, हे महत्त्वाचं.

एसटीने हा प्रश्न कसा सोडवला, तेही सांगतो. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे-अहमदनगर धावली. १ जून २०२२ ला एसटीची पहिली इलेक्ट्रिक बस, 'शिवाई', त्याच पुणे-नगर मार्गावर धावली. अंतर सुमारे १२० किलोमीटर, म्हणजे बसच्या आवाक्यातलं. मार्ग ठरलेला, चार्जिंगची जागा स्वतःची. पालखीच्या मुक्कामासारखं, आधी सोय आणि मग प्रवास.

आपल्या बाबतीत ही सोय कोण करणार? तांड्याची सोय तांड्याने केली. फाटा टाकला तो कापसाच्या कमाईसाठी. राज्याच्या २०२५ च्या धोरणात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचं ठरलंय. समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी आहे. छान आहे. पण समृद्धी आपल्या जिल्ह्यातून जात नाही. आपल्याकडून जातो तो अकोला-हिंगोली-नांदेड रस्ता. जो चार्जर लावतो तो आधी गर्दी बघतो, आणि लोक कार घेण्याआधी चार्जर बघतात. या वाट बघण्यात मागे पडणं काय असतं, हे आपल्याला माहितीये. ९६ वर्षं मीटर गेजवर काढलीत आपण.

म्हणून माझं उत्तर असं. गावात घर आहे, अंगणात पक्क्या अर्थिंगचा प्लग आहे, आणि बहुतेक फेऱ्या हिंगोली-नांदेड, औंढा, परभणी, वाशीम अशा आहेत? मग खुशाल घ्या. रात्री लावली की सकाळी भरलेली. फक्त एक सवय ठेवा, कार कधी अर्ध्याखाली रात्रभर ठेवू नका. रात्री दोनला सेनगावहून कुणाला नांदेडच्या दवाखान्यात न्यायची वेळ आली, आणि नेमकी लाईट गेलेली असली, तर तेव्हा वाट बघता येत नाही.

पुण्यात भाड्याच्या खोलीत राहता, पार्किंगमध्ये प्लग नाही, आणि कार मुख्यतः सणाला गावी यायलाच हवी आहे? मग थोडं थांबा. जालना-जिंतूर-औंढा या पट्ट्यात एका जागी चार-चार चालू चार्जर दिसू लागले की घ्या. तोपर्यंत आपली एसटी आहे, रेल्वे आहे.

आणि एक काम आपल्या सगळ्यांचं. तुमच्या तालुक्यातला कुठला चार्जर खरंच चालू आहे, रात्री उघडा असतो का, तिथे पाणी आणि संडास आहे का, हे कमेंटमध्ये लिहा. मी यादी करून पुढच्या भागाखाली टाकतो. पाणी कुठे आहे हे तांड्यातली माणसं एकमेकांना सांगायची, म्हणून १४,००० बैल चालायचे.

भेटूया पुढच्या रविवारी. सांभाळून चालवा.